कुणाला दाखवायचंय?

हे वाक्य आपल्याकडं बाईला जन्मभर पुरतं. लग्नाआधी 'कुणाला दाखवायला एवढी नटतेस?', लग्नानंतर 'आता कुणाला दाखवायचंय?', आणि नवरा गेल्यावर तेच वाक्य, आवाज जरा खाली आणून. चौतीस वर्षं मुलींना मराठी शिकवलं, पण या एका वाक्याइतकं पाठ झालेलं वाक्य मी दुसरं पाहिलं नाही. कुणी शिकवत नाही आणि सगळ्यांना येतं.

गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य मी माझ्या भाचीबद्दल पाच वेळा ऐकलं. बोलणारे पाचही जण आपलेच आहेत आणि त्यातले तिघं हे पान वाचतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच इथं लिहिते. फोनवर सांगायला गेले की तुम्ही 'हो हो अक्का, तुमचं बरोबर आहे' म्हणता आणि मग तिच्या सासूला फोन लावता.

तर विषय सांगते, आणि सरळ शब्दांत सांगते. भाचीला दोन वर्षांपूर्वी उजव्या स्तनाचा कर्करोग झाला. स्तन काढावा लागला. केमो झाली, रेडिएशनची गरज पडली नाही. आता ती बरी आहे, आणि तिला काढलेल्या जागी नवा स्तन करून घ्यायचा आहे. प्लॅस्टिक सर्जन ते करतात. वय सेहेचाळीस. दोन मुलं, बँकेत नोकरी.

(मध्येच एक सांगते. 'सस्तन प्राणी' हा शब्द आमच्या शाळेत पाचवीची पोरंसुद्धा मोठ्यानं म्हणायची, पण त्यातला 'स' काढला की शिक्षकखोलीत कुजबुज. हिचा आजार नातेवाइकांत पोचेपर्यंत 'छातीचा' झाला आणि गावाकडं जाईपर्यंत नुसती 'गाठ'. भारतातल्या बायकांत आज सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे. नाव घ्यायलाच लाज वाटली तर दाखवायला बाई जाणार केव्हा? आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदणी चालू आहे, टाटा मेमोरियलच्या सहकार्यानं. देशात ग्रामीण भागासाठी अशी नोंदणी पहिल्यांदा तिथंच सुरू झाली. त्या कामासाठी माणसं गावोगाव फिरून लोकांशी या विषयावर बोलली. बार्शी तालुक्यातल्या खेड्यात जे बोलता आलं ते आपल्याला जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये बोलता येऊ नये?)

असो. भाचीनं हे मनात आणल्यावर पहिली फैर झडली ती 'कशाला?' अशी. जीव वाचला तेवढं बास नाही का. नवऱ्याची काही तक्रार नाही ना, मग. पदराखाली कुणाला कळतंय. आणि शेवटी आपलं ते पेटंट वाक्य.

मला सांगा, मामांची कवळी बसवली तेव्हा हे कुणी विचारलं होतं? दंतवैद्यानं तर दातांच्या रंगाची पट्टीच समोर धरली होती. कुठला पांढरा हवा, जरा पिवळसर की अगदी शुभ्र. सगळं घर मत द्यायला जमलं होतं. आणि आपल्यातल्याच एका चिरंजिवानं डोक्यावर केस लावून घेतले, तेव्हा पुढची रेघ कपाळावर किती खाली हवी यावर अर्धा तास चर्चा झाली, माझ्यासमोर. तिथं कुणाला दाखवायचं होतं? पुरुषाचं टक्कल ही अडचण आणि बाईचा कापून गेलेला अवयव ही हौस, हा कुठला न्याय?

याबाबतीत आपल्या पूर्वजांनी जास्त शहाणपण दाखवलंय. १७९२ च्या टिपूबरोबरच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक बैलगाडीवान होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला आणि मग १७९३ मध्ये पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीतल्या माणसानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासकट त्याची हकिगत आली. ती वाचून युरोपातल्या सर्जनांनी हे काम हाती घेतलं. म्हणजे आजच्या प्लॅस्टिक सर्जरीचं एक मूळ आपल्या पुण्यात आहे. यातली मला फार आवडलेली गोष्ट अशी, की त्या कारागिरानं आधी मेणाची पातळ पत्री घेऊन ती त्या नाकाच्या खुंटावर बसवली, चांगलं दिसेल असं नाक घडवलं, मग ती पत्री सपाट करून कपाळावर ठेवली आणि त्या मापानं कातडी आखली. आधी माप, मग सुरी. आणि कावसजीला कुणी म्हणालं नाही, की बाबा श्वास चालतोय ना, मग नाक कुणाला दाखवायचंय.

आता मापावरच येते, कारण खरा वाद तिथं आहे.

भाची पहिल्यांदा ज्या सर्जनकडं गेली (शहर सांगत नाही, नाव तर नाहीच) तिथं सगळं मिळून आठ मिनिटं लागली. त्यांनी तपासलं, मग टेबलामागं बसून जावईबापूंकडं पाहून विचारलं, "मग, साइज काय ठेवायची?" जावईबापू भला माणूस. तो म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, डॉक्टर." झालं! ज्या अंगावर ते बसणार ते अंग मधल्या खुर्चीत बसलेलं होतं, त्याला कुणी विचारलंच नाही. साधा ब्लाऊज शिवायला टाकताना आमचा टेलर गळा किती खोल, बाही किती, कंबरेला सैल की घट्ट हे सगळं मलाच विचारतो. यांना कधी विचारत नाही!

ही रीत जुनी आहे म्हणा. १९६२ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टन इथं क्रोनिन आणि गेरो या दोन सर्जनांनी सिलिकॉनचे पहिले स्तनरोपण केले, टिमी जीन लिंडसे या बाईवर. ती दवाखान्यात गेली होती गोंदण काढून घ्यायला. डॉक्टरांनी विचारलं, की आम्ही एक नवीन गोष्ट केली आहे, तुम्ही तयार आहात का. पुढं तिनंच मुलाखतीत सांगितलं, की तिला खरं म्हणजे आपले पुढं आलेले कान मागं बसवून हवे होते. कानही करून दिले म्हणतात. बाईला हवं होतं एक आणि मिळालं आधी दुसरं, अशी या शास्त्राची पायाभरणीच आहे. तेव्हा भाचीच्या वाट्याला आलेल्या त्या आठ मिनिटांचं मला आश्चर्य वाटलं नाही. राग मात्र आला, आणि तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या सर्जन बाई आहेत. त्या बाई आहेत म्हणून चांगल्या असं मी म्हणत नाही, बाईसुद्धा बाईला आठ मिनिटांत गुंडाळू शकते. पण यांनी टेप काढली. पाऊण तास दिला आणि काय मोजतोय ते मोजता मोजता सांगितलं. मी शेजारीच बसले होते, वहीत टिपून घेतलं. शिक्षकी सवय. तुम्हालाही कळावं म्हणून त्यातलं सांगते.

सगळ्यात आधी त्या म्हणाल्या, ब्रेसियरचा नंबर विसरा. '३४ बी', '३६ सी' ही दुकानाची भाषा आहे, शरीराची नाही. ३४ सीच्या कपात जेवढं मावतं जवळजवळ तेवढंच ३६ बीच्या कपात आणि ३२ डीच्या कपात मावतं, आणि कंपनी बदलली की पुन्हा सगळं बदलतं. (नव्या पेठेत आमच्या पिढीनं ती खरेदी कशी केली ते आठवून बघा. काउंटरमागं पुरुष, आपण खालच्या मानेनं एक आकडा पुटपुटायचा, तो खोक्यातून काढून कागदात गुंडाळून द्यायचा. आयुष्यभर चुकीचा नंबर घातलेल्या बायकांनी हे गाव भरलेलं आहे.) रोपणाचं माप असतं सीसीमध्ये, म्हणजे मिलिलिटरमध्ये. पण नुसते सीसीही पुरत नाहीत. तेच ३०० सीसी रुंद छातीवर पसरून शांत बसतात आणि अरुंद छातीवर डोंगर होतात.

म्हणून पहिलं माप स्तनाच्या तळाच्या रुंदीचं, सेंटीमीटरमध्ये. समजा ती बारा आली, तर त्याहून रुंद वस्तू तिथं बसवायची म्हणजे ती काखेत शिरणार नाहीतर मधल्या हाडावर चढणार. मग चिमटीत धरून कातडी आणि खालची चरबी किती जाड आहे ते बघतात. पातळ असेल तर रोपणाची कड वरून दिसते, हाताला लागते. मग कातडी किती ताणली जाते ते, आणि स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंतचं अंतर. ही मापं देवानं दिलेली. ती आधी मर्यादा घालतात, आपली आवड त्याच्या आत. त्याच रुंदीत उंची कमी-जास्त असलेले प्रकार मिळतात, तिथं बाईला निवडायला जागा असते, आणि तिथं मात्र तिनंच निवडायचं.

वजनाचं तर कुणी बोलतच नाही. सिलिकॉनचे ३०० सीसी म्हणजे साधारण ३०० ग्रॅम. जाहिरातीत ज्या आकाराची भुरळ पाडतात तसले ५०० सीसीचे दोन म्हणजे गळ्यात एक किलो, झोपताना, जिना चढताना, स्वयंपाक करताना. कातडी ते वर्षानुवर्षं पेलते आणि मग ओघळते, आतला मांसल भाग पातळ होतो, पुन्हा ऑपरेशन. ज्यांना स्तन मोठे करून घ्यायचे असतात अशा मुलींना घरी करायला एक युक्ती सांगतात: पातळ मोज्यात तेवढे मिलिलिटर तांदूळ मोजून भरायचे, गाठ मारायची आणि सैल ब्रेसियरमध्ये ठेवून दोन दिवस घरात वावरायचं. आमच्या भाचीनं कुतूहलानं तेही केलं, डाव्या बाजूच्या बरोबरीनं उजवीकडं. "मावशी, कोलम घेऊ का आंबेमोहोर?" असं तिनं फोनवर विचारलं तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा ती खळखळून हसताना ऐकली. आता सांगा, कुणाला दाखवायचंय?

हौशीनं करणाऱ्या मुलींबद्दलही तुमचं मत मला माहीत आहे. माझंही फार निराळं नव्हतं, पण एक प्रसंग वाचून मी विचारात पडले. २०१८ साली तमिळनाडू सरकारनं चेन्नईच्या स्टॅन्ली सरकारी दवाखान्यात स्तनांची अशी शस्त्रक्रिया गरिबांना मोफत करायची सोय केली. लगेच ओरड झाली, की लोकांच्या पैशातून हे कसले चोचले? त्यांच्या आरोग्यमंत्र्यांचा उलटा सवाल होता, की सौंदर्याचे उपचार गरिबांना का मिळू नयेत. सगळं पटलं असं नाही. पण ओरडणाऱ्यांतल्या किती जणांनी कर्करोगानं स्तन गेलेल्या बाईचा विचार केला असेल? चोचला आणि गरज यांच्यामधली रेघ आखायचा हक्क ज्यांच्या अंगाला काही झालेलं नाही त्यांनी आपल्याकडंच का ठेवावा?

माझं भांडण आहे ते मुलींशी नाही. ते आहे माप विकणाऱ्यांशी. मोबाइलवर त्या जाहिराती मलाही येतात, सत्तरी उलटलेल्या बाईला! आधीचा फोटो, नंतरचा फोटो, आणि हप्त्याची सोय. मुली नटीचा फोटो घेऊन सर्जनकडं जातात, जसा आपण टेलरला मापाचा ब्लाऊज देतो. पण मापाचा ब्लाऊज आपला स्वतःचा असतो बायांनो, शेजारणीचा देऊन कधी नीट शिवून आला आहे का? आणि ही वस्तू जन्मभराची नाही हे त्या जाहिरातीत कुठं असतं? कधीतरी ती बदलावी किंवा काढावी लागू शकते. भोवती शरीर एक आवरण तयार करतं, ते काहींचं आक्रसून घट्ट होतं, दुखतं. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीनं औषधी दर्जाचं सांगून औद्योगिक सिलिकॉन भरलं. २०१० मध्ये ते उघडकीला येईपर्यंत जगभरातल्या लाखो बायकांच्या अंगात ते गेलेलं होतं. मालकाला २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीनं खरबरीत पृष्ठभागाची रोपणं जगभरातून परत घेतली, कारण त्यांच्यामुळं एक दुर्मीळ कर्करोग होत होता. २०२१ पासून अमेरिकेत बाईसमोर जोखमींची यादी ठेवून, तिनं ती वाचून सही केल्याशिवाय हे बसवता येत नाही. आपण ती यादी स्वतः मागावी. बसवलेल्या वस्तूचं नाव, माप आणि क्रमांक लिहिलेलं कार्ड मागावं. सर्जनच्या पाटीवर प्लॅस्टिक सर्जरीतलं एमसीएच किंवा डीएनबी आहे का ते बघावं. भाजीवालीकडं मेथीची जुडी चार वेळा उलटून बघणाऱ्या आपण, इथंच का गप्प बसतो?

कर्करोगानंतरचं काम आणखी निराळं असतं. तिथं कातडीच उरलेली नसते. म्हणून आधी आत एक रिकामी पिशवी ठेवतात आणि दर आठवड्या-दोन आठवड्यांनी सुईनं तिच्यात थोडं थोडं सलाइन भरत जातात. कातडी हळूहळू ताणते. पुरेशी झाली की पिशवी काढून तिथं कायमचं रोपण. (ज्यांना रेडिएशन झालेलं असतं त्यांना रोपणाचा त्रास जास्त होतो, त्यांच्यासाठी पोटाची किंवा पाठीची चरबी-कातडी वापरून करण्याचे मार्ग आहेत.) यातली मला पटलेली गोष्ट ही, की माप एका बैठकीत ठरत नाही. दर वेळी बाई आरशासमोर उभी राहते, कपडे घालून बघते, आणि एक दिवस तीच म्हणते, पुरे. त्या 'पुरे'साठी मी एवढी भांडते आहे.

भाचीनं जे ठरवलं ते ऐकून तुमच्यापैकी काहींची पंचाईत झाली. पूर्वीपेक्षा लहान. मूळचे तिचे स्तन जड होते, मान-खांदे दुखायचे, बँकेत दिवसभर खुर्चीत बसून तर फारच. नवा लहान करायचा आणि डावाही त्याच वेळी कमी करून वर उचलून घ्यायचा, म्हणजे दोन्ही सारखे. आणि गंमत बघा! ज्यांनी दोन महिने 'कशाला' लावलं होतं, त्यांच्यातल्याच एकीनं तिला सांगितलं, "आता करतेच आहेस तर चांगले मोठे कर की!" म्हणजे नको तेव्हाही तुमच्याच मापानं आणि हवं तेव्हाही तुमच्याच.

पैशाचा मुद्दा पुढं आला होता, तोही सांगून टाकते. विमा कंपनीनं पहिल्या झटक्यात 'सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया' म्हणून अर्ज फेटाळला. जावईबापू हात टेकून बसले. मी म्हटलं, पॉलिसीचा कागद आणा. विमा नियामकानं २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी अपवादांची एकच शब्दरचना ठरवून दिली आहे. त्यात आठव्या क्रमांकाला कॉस्मेटिक आणि प्लॅस्टिक सर्जरी वगळलेली आहे खरी, पण त्याच वाक्यात पुढं लिहिलंय की अपघात, भाजणं किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना असेल तर हा अपवाद लागू नाही. अर्धं वाक्य वाचून उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला मी शून्य द्यायची. भाचीनं ते वाक्य अधोरेखित करून परत पाठवलं. उजव्या बाजूचं मंजूर झालं आहे, डाव्या बाजूला ते अजून 'निरोगी अवयव' म्हणतात. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानं, ज्या विम्यात स्तन काढण्याचा खर्च मिळतो त्यात पुनर्रचनेचा आणि जोडीला दुसरी बाजू सारखी करण्याचाही खर्च द्यावा लागतो. आपल्याकडं दुसऱ्या बाजूसाठी अजून पत्रव्यवहार चालू आहे. मसुदा मी लिहिते आहे, शुद्धलेखन बघून.

ज्यांना हे काहीच नको असतं त्यांनाही माझा तेवढाच पाठिंबा. माझी एक मैत्रीण वीस वर्षं एका बाजूला सपाट आहे. ब्रेसियरमध्ये ती सुती दोऱ्यानं क्रोशानं विणलेला, आत मऊ कापूस भरलेला गोळा ठेवते, स्वतःच विणते आणि इतरांनाही विणून देते. तिला कुणी 'करून का घेत नाहीस' म्हटलं तर तिच्याही बाजूनं मी अशीच भांडेन.

तर मंडळी, सतरा तारखेला पिशवी बसवायचं ऑपरेशन आहे. मी आठ दिवस तिच्याकडं राहणार आहे. भेटायला यायचं असेल तर खुशाल या, पण आधी फोन करा. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आणलीत तर दार लवकर उघडेन. ते वाक्य मात्र तिच्या घरी कुणी उच्चारायचं नाही. माझ्याकडं येऊन म्हणा, मला वेळ भरपूर आहे.